पटावर ११८ मुलं: विशेष बालवाडीचे आकडे वाचताना

विचारणारं जोडपं मराठी, राहायला अमेरिकेत. मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा, शब्द जेमतेम सहा-सात. अर्ली इंटरव्हेन्शनच्या, म्हणजे तीन वर्षांखालच्या मुलांना मदत देणाऱ्या सरकारी कार्यक्रमाच्या बाई आठवड्यातून एकदा घरी येतात. तीन वर्षं पूर्ण झाली की तो डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) विशेष बालवाडीत जाऊ शकेल, असं त्यांनी सांगितलंय. आई-बाबांनी त्या शाळेची आकडेवारी शोधून काढली: पट ११८, पूर्वीपेक्षा घटलेला. मुलगे ७० टक्के. एशियन ३ टक्के. इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं शून्य, कमी उत्पन्नामुळे शाळेत मोफत जेवण मिळणारी मुलं शून्य. एका शिक्षकामागे १५ मुलं. आणि प्रश्न असा, की शाळा ओस पडत चाललीय का, आणि आपल्यासारखं कुणी नसताना हा तिथे एकटा पडेल का.

मी अशाच सरकारी विशेष बालवाड्यांमध्ये वीसेक वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते आहे. तुम्ही राज्य सांगितलेलं नाही, म्हणून केंद्रीय कायद्यापुरतंच आणि सगळीकडे साधारण सारखं असतं तेवढंच बोलते.

आधी एक गैरसमज दूर करू. ही शाळा पालक निवडत नाहीत. इथे अर्ज, सोडत, फी, "यंदा प्रवेश फुल" असलं काही नसतं. मूल येतं ते आयईपीच्या कागदावर, म्हणजे डिस्ट्रिक्टने तपासणी करून, पालकांना बरोबर घेऊन लिहिलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यावर. त्यामुळे पट वाढला म्हणजे शाळा चांगली आणि घटला म्हणजे वाईट, हे खासगी शाळांचं गणित इथे चालत नाही. आणि याची दुसरी बाजू तुमच्या कामाची आहे: आराखड्यात लिहिलेली सेवा "सध्या जागा नाही" म्हणून डिस्ट्रिक्टला नाकारता येत नाही. ते वाक्य कुणी तोंडी ऐकवलंच, तर लेखी द्या म्हणायचं. बहुतेकदा ते लेखी येत नाही, जागा मात्र निघते.

हा हक्क फार जुना नाही. अपंग मुलांना सरकारी शाळेचं दार उघडणारा कायदा १९७५चा, पण तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यात पुरतं सामावून घेतलं ते १९८६च्या दुरुस्तीने. त्याच दुरुस्तीने तीन वर्षांखालच्या बाळांसाठीचा वेगळा कार्यक्रम आणला, ज्याच्या बाई आज तुमच्या घरी येतात. १९९० साली कायद्याला आयडिया हे नाव मिळालं.

आता ११८. शाळांची मोजणी साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला होते. विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांची केंद्राला द्यायची वेगळी मोजणी १ ऑक्टोबर ते १ डिसेंबरमधल्या एखाद्या ठरलेल्या दिवशी होते. पहिली-दुसरीच्या शाळेत याने फरक पडत नाही, तिथे सप्टेंबरात भरलेला वर्ग जूनपर्यंत तसाच राहतो. आमच्याकडे मूल ज्या दिवशी तीन वर्षांचं होतं त्या दिवसापासून त्याचा हक्क सुरू होतो. वाढदिवस काही सप्टेंबर पाहून येत नाहीत. सप्टेंबरात ज्या वर्गात सहा मुलं असतात त्यात मे महिन्यात दहा-अकरा असतात, कधी आणखी एक वर्ग उघडावा लागतो. पाहुण्यांच्या पंगतीत पहिलं ताट मांडलं तेव्हाच माणसं मोजावीत, तसा हा ऑक्टोबरचा आकडा. तुमचं मूल जानेवारीत गेलं तर त्याच्या वर्गात किती मुलं असतील हे तो सांगत नाही. ते विचारायचं असेल तर "गेल्या वर्षी एप्रिल-मेमध्ये या वर्गात किती मुलं होती?" असं विचारा. हा प्रश्न ऐकून मुख्याध्यापिका खुर्चीत जरा सावरून बसतात, हे मी पाहिलेलं आहे.

आणखी एक. हे ११८ सगळे एकाच वेळी इमारतीत असतात असंही नाही. अनेक शाळांत सकाळची तुकडी वेगळी, दुपारची वेगळी, शिक्षिका तीच. काही मुलं आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाच्या स्पीचपुरती येतात आणि आईचा हात धरून परत जातात. ती कुठे पटावर असतात, कुठे नसतात. एका शिक्षकामागे १५ हा आकडा यातूनच फुगतो. एका बाईंकडे सकाळी आठ आणि दुपारी सात मुलं असतील तर कागदावर पंधरा दिसतात, वर्गात कधीच पंधरा नसतात. शिवाय त्या भागाकारात वर्गातल्या मदतनीस बाई, स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट यांना शिक्षक म्हणून धरलेलं नसतं. मी वीस वर्षं त्या भागाकाराच्या बाहेरच आहे!

पट घटला, त्याचं काय? त्या आलेखात २०२० साली खड्डा दिसत असेल तर तो तुमच्या शाळेचा नाही. कोविडच्या त्या पहिल्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या सरकारी प्री-केचा, म्हणजे बालवाड्यांचा पट आधीच्या वर्षाच्या मानाने २२ टक्क्यांनी घसरला होता. राज्याचा किंवा देशाचा आलेख पाहत असाल तर आणखी एक मेख आहे: आयडियाच्या आकडेवारीत पूर्वी पाच वर्षांची सगळी मुलं बालवाडीच्या गटात मोजत, अलीकडच्या वर्षांत किंडरगार्टनमध्ये (पहिलीच्या आधीच्या वर्गात) गेलेली पाच वर्षांची मुलं शाळकरी गटात टाकली जातात. त्यामुळे बालवाडीचा रकाना एकदम हलका झाला, मुलं होती तिथेच आहेत.

पण एका शाळेचा पट सावकाश, वर्षागणिक घटत असेल तर माझ्या मनात पहिली शंका वाईट येत नाही, चांगली येते. कदाचित डिस्ट्रिक्टने मुलांना या वेगळ्या इमारतीत गोळा करण्याऐवजी साध्या बालवाड्यांमध्ये, हेड स्टार्टमध्ये (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या केंद्र सरकारच्या बालवाड्यांमध्ये) बसवायला सुरुवात केली असेल आणि थेरपिस्ट तिकडे फिरत असतील. याकडे मी शेवटी येते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

मुलगे ७० टक्के, हे पाहून तुम्ही दचकलात, मी नाही. या वयात विशेष सेवा घेणाऱ्यांत देशभर साधारण हेच प्रमाण असतं. या वयातली बहुतेक मुलं तीन कारणांनी येतात: विकासातला विलंब, वाचा-भाषेची अडचण आणि ऑटिझम. तिन्हींत मुलग्यांची संख्या जास्त. ऑटिझमची नोंद तर मुलींच्या तिपटीहून अधिक. त्यात शरीराची घडण किती आणि मोठ्यांची नजर किती, हा वेगळा भाग. जो मुलगा खुर्च्या पाडतो त्याची तपासणी लवकर होते. जी मुलगी कोपऱ्यात बसून एकच चित्र दिवसभर रंगवते तिला "किती शहाणी" म्हणतात आणि ती आमच्याकडे दोन वर्षं उशिरा पोचते.

आता वैविध्य. ३ टक्के म्हणजे "साडेतीन मुलं" असा हिशेब तुम्हीच केलात. त्या साडेतिनांत मराठी किती, तेलुगू किती, व्हिएतनामी, फिलिपिनो, कोरियन किती हे त्या रकान्यातून कळणार नाही, सगळे एशियन. फॉर्मवर आतापर्यंत दोन प्रश्न असत: आधी हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांशी नातं असलेले) आहात का, मग वंश. हिस्पॅनिकला हो म्हटलं की पुढे काहीही लिहा, अहवालात मूल त्याच एका रकान्यात. दोन वंशांवर खूण केली की "दोन किंवा अधिक". समजा वडील मराठी आणि आई गोरी अमेरिकन, तर ते मूल तुमच्या ३ टक्क्यांत नाहीच. पालकांनी रकाना कोरा सोडला तर शाळेतलं कुणीतरी मुलाकडे बघून खूण करतं, आणि ते नियमात बसतं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने हे दोन प्रश्न एकत्र करायचं आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेसाठी स्वतंत्र रकाना द्यायचं ठरवलं. शाळेच्या फॉर्मपर्यंत ते झिरपायला वेळ लागेल, आणि झिरपलं तरी जुने-नवे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येणार नाही.

तरीही हे आकडे निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. ते कसे वापरायचे ते सांगते. विशेष बालवाडीचा पट आणि त्याच डिस्ट्रिक्टच्या किंडरगार्टनचा पट शेजारी ठेवा. किंडरगार्टनमध्ये एशियन १२ टक्के आणि विशेष बालवाडीत ३ टक्के असतील, तर त्याचा अर्थ आपल्या मुलांना अडचणी येत नाहीत असा नाही. आपली मुलं इथवर पोचत नाहीत, असा तो बहुधा आहे. मूल शोधून काढणं ही कायद्याने डिस्ट्रिक्टची जबाबदारी आहे, त्याला चाइल्ड फाइंड म्हणतात. पण ते शोधणं चालतं बालरोगतज्ज्ञांच्या प्रश्नावलीवर, वाचनालयातल्या पत्रकांवर आणि आईने केलेल्या एका फोनवर. आपल्याकडे तो फोन व्हायच्या आधी आजीचा फोन येतो. "मुलगे उशिराच बोलतात. याचा बाबा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आज बघ." बाबा आज इंजिनियर असतो, त्यामुळे पुरावा भक्कम. त्यात एक वर्ष जातं. मग भारतात जाऊन आल्यावर बघू, त्यात सहा महिने. शिवाय शिक्का बसेल ही भीती आणि व्हिसाची भीती. शाळेच्या प्रवेशात व्हिसाला जागा नाही. मुलाच्या स्थलांतराच्या स्थितीवरून सरकारी शाळेचं दार बंद करता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच सांगितलंय.

ऑटिझमच्या नोंदी पाहिल्या तर ही शोधण्यातली तफावत स्पष्ट दिसते. वर्षानुवर्षं गोऱ्या मुलांमध्ये नोंद जास्त असे. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२३ साली आठ वर्षांच्या मुलांची २०२० सालची आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा पहिल्यांदाच चित्र उलटं झालं: कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि एशियन मुलांमधलं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त. काही वर्षांत मुलं बदलली नाहीत, त्यांना शोधणाऱ्यांची नजर थोडी सुधारली. उलट दिशेची चूकही होते: गरज नसलेल्या मुलाला, विशेषतः कृष्णवर्णीय मुलाला, विशेष वर्गाच्या दारात ढकलणं. एखाद्या वंशाच्या मुलांची नोंद डिस्ट्रिक्टमध्ये प्रमाणाबाहेर जास्त आढळली, तर आयडियाच्या पैशातला १५ टक्के वाटा बाजूला काढून आधीच मदत देण्यावर खर्च करावा लागतो. कमी आढळली तर अशी शिक्षा नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत गाडी नेमकी याच बाजूला अडकते.

दोन्ही शून्यांचा निकाल पटकन लावते. ज्या बालवाडीत अर्धा दिवस शाळा असते आणि जेवण दिलंच जात नाही, तिथे मोफत जेवणाचे फॉर्म कुणी भरत नाही, म्हणून शून्य. याउलट एखाद्या शाळेत सगळ्यांनाच जेवण मोफत देण्याची योजना असली की तिथे काही अहवालांत सरसकट शंभर टक्के दिसतात. त्यावरून श्रीमंती-गरिबी ठरवू नका. इंग्रजी शिकणाऱ्यांची अधिकृत चाचणी अनेक राज्यांत किंडरगार्टनपासून सुरू होते. माझ्या एका वर्गात नऊ मुलं आणि घरच्या सहा भाषा होत्या. अहवालात त्या वर्गाच्या नावावर शून्य.

हे दुसरं शून्य मात्र मला बोचतं, कारण तुमच्या मुलाची तपासणी याच भिंतीवर आदळणार आहे. कायदा म्हणतो की तपासणी शक्य तोवर मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी, आणि केवळ इंग्रजी कमी येतं म्हणून मुलाला अपंगत्वाच्या रकान्यात टाकू नये. प्रत्यक्षात मराठी जाणणारा तपासनीस जवळपास कुठेच नसतो. एकदा मराठी आजीसाठी शाळेने हिंदी दुभाषी बोलावला. आजी सौजन्याने तासभर "हां जी, हां जी" म्हणत राहिल्या आणि कागदावर लिहिलं गेलं की कुटुंबाला मुलाबद्दल काही चिंता नाही. तुमच्या घरची भाषा फॉर्मवर मराठी अशीच लिहा. यादीत नसेल तर "इतर" समोर हाताने लिहा. "इंग्रजी आणि हिंदी" लिहून सोपं करू नका.

मग तपासनीसाला मराठीतलं काय दाखवायचं? दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द दोन्ही भाषा मिळून मोजतात. तो "पाणी" मराठीत म्हणतो, "मोर" (more, आणखी) इंग्रजीत म्हणतो आणि "झालं" पुन्हा मराठीत, तर ते तीन शब्द. इंग्रजी चाचणीत तो अनेकवचनाचा "स" लावत नाही म्हणून गुण कापले गेले, तर विचारा की मराठीत "एक केळं, दोन केळी" तो समजतो का, हे पाहिलं का? खरी भाषेची अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. "चप्पल आण" हे हातवारे न करता म्हटल्यावर तो चप्पल आणतो का? हवं ते मिळवायला बोट दाखवतो, की तुमचा हात धरून ओढत नेतो? आवडलेली वस्तू नुसती दाखवायला तरी आणतो का? नावाने हाक मारल्यावर वळतो का? हे मराठीतही होत नसेल तर दुसऱ्या भाषेचा गोंधळ म्हणून वेळ घालवू नका. आणि कुणी "घरी फक्त इंग्रजी बोला" असं सुचवलं, माझ्या व्यवसायातल्या कुणी सुचवलं तरी, ते मानू नका. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. आई स्वतःची भाषा सोडून तोडक्या वाक्यांत बोलू लागली की मुलाला मिळणारं बोलणंच आटतं.

तर, तो एकटा पडेल का? तुम्हाला भीती आहे ती आपल्या वर्णाची मुलं नसल्याची. मला त्याच्यासाठी वेगळी काळजी वाटते: वर्गात बोलणारी मुलं किती असतील? आठ मुलं, आठही न बोलणारी, आणि बोलणारे फक्त मोठे, अशा वर्गात उत्तम थेरपिस्टचाही निम्मा जोर वाया जातो. तीन वर्षांचं मूल "माझी पाळी" हे माझ्याकडून शिकतं त्याच्या कितीतरी पट लवकर घसरगुंडीवर पुढे घुसणाऱ्या दुसऱ्या मुलाकडून शिकतं. म्हणून कायद्यातही आहे, की मुलाला शक्य तितकं सर्वसाधारण मुलांमध्येच शिकवावं, वेगळं काढायचं ते सेवा देऊनही तिथे जमत नसेल तरच. प्रत्यक्षात विशेष सेवा घेणाऱ्या या वयाच्या निम्म्याहून कमी मुलांना त्यांच्या बहुतेक सेवा साध्या बालवाडीत मिळतात. विशेष बालवाडीची इमारत उभी आहे, वर्ग तयार आहेत, बस ठरलेली आहे, म्हणून मूल तिकडे जातं. तेच सोपं पडतं.

म्हणून आयईपीच्या बैठकीत सरळ विचारा: "याला साध्या बालवाडीत किंवा हेड स्टार्टमध्ये ठेवून तिथे स्पीच देता येईल का? नसेल तर का नाही?" हेड स्टार्टला निदान १० टक्के जागा अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात, पण तिथे उत्पन्नाच्या अटी असतात, त्या तुम्हाला लागू पडतात का हे पाहावं लागेल. काही विशेष बालवाड्या शेजारपाजारची सर्वसाधारण वाढीची मुलं मुद्दाम वर्गात घेतात, त्यांना पीअर मॉडेल म्हणतात. तुमच्या ११८ मध्ये तशी तीस असू शकतात किंवा एकही नसेल. पटाच्या आकड्यात ती वेगळी दिसत नाहीत. फोन करून विचारा. त्या इमारतीबद्दल मला एकच आकडा कळून घ्यायची मुभा असती तर मी हाच घेतला असता. वेगळ्या वर्गाला मी सरसकट विरोध करत नाही. ज्या मुलाला पंचवीस जणांच्या गोंगाटात कान झाकून टेबलाखाली बसावं लागतं, त्याला लहान, शांत वर्गात सहा महिन्यांत उघडताना मी पाहिलंय. तुमचा मुलगा कुठल्या बाजूचा आहे हे आकडे सांगणार नाहीत. त्या वर्गात सकाळी एक तास बसून बघितलं तर अंदाज येईल.

तारखांकडे मात्र आजच बघा. अर्ली इंटरव्हेन्शनकडून डिस्ट्रिक्टकडे सोपवण्याची बैठक तिसऱ्या वाढदिवसाच्या निदान ९० दिवस आधी व्हायला हवी. तुमच्या हातात जेमतेम महिना आहे. अर्ली इंटरव्हेन्शनला पात्र होता म्हणून पुढेही आपोआप पात्र ठरेल असं नाही, निकष वेगळे असतात आणि तपासणी नव्याने होते. तुम्ही संमतीवर सही केल्यापासून साधारण ६० दिवस, किंवा तुमच्या राज्याने ठरवले असतील तितके. सहीची तारीख स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. पात्र ठरला तर वाढदिवसापर्यंत आयईपी तयार हवा. वाढदिवस उन्हाळी सुट्टीत येत असेल तर सेवा कधी सुरू होणार तेही त्यात ठरतं. निकाल पटला नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणी मागता येते. ती नाकारायची असेल तर आपली तपासणी योग्य होती हे डिस्ट्रिक्टला सुनावणीत सिद्ध करावं लागतं.

आणि तपासणीला जाताना फोनमध्ये दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन जा. तो आजीशी मराठीत बोलतो, किंवा बोलायचा प्रयत्न करतो, तेव्हाचे. अनोळखी खोलीत, अनोळखी बाईसमोर, परक्या भाषेत तो बहुधा गप्प बसेल. मराठी येत नसलेल्या तपासनीसालाही त्या व्हिडिओत दिसेल की आजीने विचारल्यावर तो तिच्याकडे बघतो की नाही.